मागची चाकं रुंद करताय? आधी ऑफसेट मोजा

‘मागे नऊ इंची रिम टाक, काही होत नाही,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यातला एकही जण तुमच्या गाडीचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं याचं माप, विचारत नाही, यावरूनच काय ते समजा.

पहिला प्रश्न गरजेचा. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागची चाकं नुसतीच गरगरत असतील, तर रुंदी वाढवण्यात अर्थ आहे. तसं होत नसेल तर मागची पकड वाढवून एवढंच होईल की स्टीअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक वळायला कुरकुर करेल. बेताच्या ताकदीच्या गाडीला चारही चाकांना एकाच मापाचे चांगले टायर घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत. माझदा एमएक्स-५ कंपनीतूनच तशी येते. पोर्शे ९११ चं इंजिनच मागे, म्हणून १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ ला पुढे ६ आणि मागे ७ इंची रिम होते. तिथली गरज वेगळी.

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकतं, हा समजही सोडून द्या. हवेचा दाब तोच ठेवला तर टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. तो भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या रस्त्यावर, वळणात हे फायद्याचं. साचलेल्या पाण्यात मात्र असा टायर लवकर तरंगायला लागतो.

पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) आणि नट जिथे बसतो त्या बैठकीचा आकार गाडीशी जुळायलाच हवा. बोअर हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागापेक्षा, मोठा असेल तर मधली फट भरणारी हब रिंग घाला. टायरचा लोड इंडेक्स (वजन पेलण्याच्या क्षमतेचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

आता माप. टायर रुंद करताना एकूण व्यास जागेवर राहिला पाहिजे, नाहीतर एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोलला (चाक गरगरू न देणारी) पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात कायमचा फरक दिसत राहतो. समजा गाडीला २२५/४५ आर १७ (२२५ मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) आहेत, व्यास साधारण ६३४ मिमी. मागे २५५/४० आर १७ घेतले तर ६३६ होतो, उत्तम. २४५/४५ घेतले तर थेट ६५२. मी फरक एका टक्क्याच्या आत ठेवतो. २५५/४० ला रिम ९ इंची घ्या. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की त्याच्या भिंती फुगतात आणि वळणात गाडी डुलते.

इथवर सगळं सोपं. खरी गोम ऑफसेटमध्ये आहे आणि मलाही ती सगळ्यात उशिरा उमगली, कारण दुकानात बोलणं होतं ते फक्त रुंदीचं.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम हबला जिथे टेकतो तो पृष्ठभाग, यांच्यातलं मिलिमीटरमधलं अंतर. रिमवर ते ‘ईटी’ म्हणून कोरलेलं असतं. ईटी वाढला की चाक आत सरकतं, कमी झाला की बाहेर येतं. मूळ रिम साडेसात इंची, ईटी ४० असेल आणि नवा ९ इंची असेल, तर दीड इंच म्हणजे ३८ मिमी रुंदी वाढली. ईटी तोच ठेवला तर १९ आत, १९ बाहेर. ईटी ३० घेतला तर ९ आत, २९ बाहेर. टायरचा हिशोबही असाच: २२५ चा २५५ झाला, म्हणजे दोन्हीकडे १५, ईटी ३० वर ५ आत, २५ बाहेर. दोन्ही हिशोबांतला मोठा आकडा धरा. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखेच रुंद नसतात, हेही ध्यानात असू द्या.

आता गाडीत जागा किती आहे ते बघायचं, आणि इथेच लोक घाई करतात. सपाट जमिनीवर उभ्या गाडीच्या मडगार्डखाली बोटं घालून ‘बसतंय की’ म्हणणं म्हणजे मोजणं नव्हे. गाडी भरलेली असते, खड्ड्यात आदळते, तेव्हा चाक वर येतं आणि मडगार्डच्या कडेला गाठतं. ते किती वर येतं हे कळायला शॉकअब्सॉर्बरच्या दांड्यावर प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा, मागे माणसं बसवून खराब रस्त्यावर फिरून या. दांडा आत जाताना टाय सरकते आणि शेवटच्या जागी अडकून राहते. शॉकअब्सॉर्बर सस्पेन्शनच्या आर्मवर आतल्या बाजूला बसवलेला असेल, तर चाकाची हालचाल टायने दाखवलेल्या अंतराहून जास्त असते.

आतल्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरपासून निदान ५ मिमी जागा मोकळी ठेवा. बाहेर त्याहून जास्त, कारण वळणात टायर आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबराचे तुकडे) दोन्ही वाकतात. दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि त्याला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड असेल तर अ‍ॅक्सल वर येताना थोडा एका बाजूला सरकतो, म्हणून डावी-उजवी जागा वेगवेगळी मोजा. एकाच बाजूचं माप घेऊन रिम मागवणाऱ्याला मी पुढचं काहीच सांगत नाही.

ऑफसेट चुकला तर स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती) टाकू, हा विचार मला अजिबात पटत नाही. बसवायचाच असेल तर हबवर नेमका बसणारा आणि लांब बोल्टसकट. नट निदान बोल्टच्या जाडीइतका चढायला हवा. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर भार जास्त.

बसवणं एका ओळीचं काम: नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, टॉर्क पान्याने (ठरावीक जोरावर आवळणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी. अलाइनमेंट करून घ्या. पुढचे-मागचे टायर आता आपसात बदलता येणार नाहीत, म्हणजे मागचे लवकर झिजणार, ते मनात धरूनच खर्च करा.

पहिल्या आठवड्यात टॉर्च घेऊन चाकांच्या आत बघा. मडगार्डच्या कडेला काळी चकचकीत रेघ दिसली तर कड दुमडून घेता येते. पण तशीच रेघ टायरच्या आतल्या भिंतीवर, शॉकअब्सॉर्बरच्या बाजूला दिसली तर गाडी तिथेच थांबवा आणि जुनी चाकं चढवा.