नॅट शिकायचं तर आधी वहीत पॅकेट लिहा

नॅट म्हणजे नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन: राउटरने जाता-येता पॅकेटवरचे, म्हणजे डेटाच्या तुकड्यांवरचे, पत्ते बदलणं. नेटवर्किंगच्या पहिल्या नोकरीत मला त्याचं कॉन्फिगरेशन करता येत होतं. आतला इंटरफेस, बाहेरचा इंटरफेस, आतल्या पत्त्यांची यादी आणि शेवटी ‘ओव्हरलोड’ हा शब्द, म्हणजे सगळ्यांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. चार ओळी टाकल्या की सगळ्यांचं इंटरनेट सुरू. पण काही अडलं की मी त्याच चार ओळी पुसून परत टाकायचे, कारण पॅकेटचं आत काय होतं ते मला माहीत नव्हतं. आमच्या सीनियरनी एकदा वही पुढे सरकवली आणि म्हणाले, “पॅकेट लिही.” नॅट मी खरं शिकले ते तिथून. नवीन मुलामुलींना मी आजही हेच करायला लावते.

काय लिहायचं ते सांगते. आतलं मशीन १९२.१६८.१.१०, त्याचा पोर्ट, म्हणजे मशीनवरचं नेमकं कनेक्शन ओळखायचा क्रमांक, ५१५१२. त्याला १९८.५१.१००.२० च्या ४४३ पोर्टवर जायचंय. राउटरचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.५. वहीत चार रकाने आखा: सोर्स पत्ता, सोर्स पोर्ट, डेस्टिनेशन पत्ता, डेस्टिनेशन पोर्ट. पहिली ओळ राउटरच्या आतल्या बाजूची, दुसरी बाहेरच्या बाजूची. बाहेर पडताना सोर्सच्या जागी २०३.०.११३.५ येतं, डेस्टिनेशन तसंच राहतं. आता आतल्या दुसऱ्या मशीननेही नेमका ५१५१२ हाच पोर्ट घेऊन त्याच सर्व्हरकडे पॅकेट पाठवलं तर? दोन्ही पॅकेट बाहेरून हुबेहूब सारखी दिसतील आणि उत्तर कोणाचं ते राउटरला कळणार नाही. म्हणून दुसऱ्याचा पोर्ट बदलावा लागतो, समजा ४०००१ केला. हा बदल राउटर टेबलमध्ये एन्ट्री करून ठेवतो. उत्तर ४०००१ वर आलं की एन्ट्री बघून डेस्टिनेशन पुन्हा आतल्या पत्त्यावर वळवतो. पोर्ट ट्रान्सलेशन म्हणजे एवढंच. पिंगला (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणाऱ्या पॅकेटला) पोर्ट नसतो, तिथे आयसीएमपी या त्याच्या प्रोटोकॉलमधला आयडेंटिफायर हेच काम करतो.

ही कल्पना १९९४ च्या आरएफसी १६३१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांक दिलेले तांत्रिक दस्तऐवज) मांडली गेली, तीही तात्पुरती सोय म्हणून. आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६, आणि ते संपणार हे तेव्हाच दिसत होतं. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी पत्त्यांचे आज वापरात असलेले तीन पट्टे नक्की केले. त्यातला मधला पट्टा नीट लक्षात ठेवा: १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतच. १७२.३२ हा पब्लिक पत्ता आहे. एका नेटवर्कमध्ये तो खासगी समजून वापरलेला मी पाहिलाय. आतल्या लोकांना त्या पट्ट्यातल्या खऱ्या वेबसाइट कधीच उघडायच्या नाहीत.

आता ज्या प्रकरणाने माझे दोन दिवस खाल्ले, ते. आत एक वेब सर्व्हर होता, १९२.१६८.१.५०. बाहेरून २०३.०.११३.५ च्या ४४३ वर येणारं सगळं त्याच्याकडे वळवलेलं, म्हणजे नेहमीचं पोर्ट फॉरवर्डिंग. बाहेरच्या लोकांना साइट छान उघडत होती. आत बसलेल्यांना मात्र नावाने उघडत नव्हती, थेट १९२.१६८.१.५० टाकलं की उघडायची. मी सर्व्हरचा फायरवॉल तपासला, सर्टिफिकेट तपासलं, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था) तपासला. सगळं ठीक. शेवटी सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला तेव्हा दिसलं, की सिन (कनेक्शनची मागणी) येतंय, सिन-अ‍ॅक (त्याला होकार) जातंय आणि लगेच समोरून रिसेट (कनेक्शन तोडण्याचा निरोप) येतंय.

वही उघडली. १९२.१६८.१.१० ने २०३.०.११३.५ कडे सिन पाठवलं. राउटरने डेस्टिनेशन बदलून १९२.१६८.१.५० केलं, सोर्स तसाच ठेवला. सर्व्हरने पाहिलं, पाठवणारा १९२.१६८.१.१०, म्हणजे आपल्याच नेटवर्कमधला. मग राउटरकडे कशाला जायचं? उत्तर थेट त्याला दिलं. आणि त्या मशीनला उत्तर मिळालं १९२.१६८.१.५० कडून, ज्याला त्याने काही विचारलेलंच नव्हतं! त्याने रिसेट पाठवून विषय संपवला. प्रत्येक यंत्र आपापल्या जागी बरोबर वागत होतं, फक्त परतीचं पॅकेट राउटरला टाळून गेलं होतं.

आतून निघून राउटरवरून पुन्हा आतच वळणाऱ्या या वाटेला हेअरपिन म्हणतात. उपाय दोन. एक, आतून येणाऱ्या अशा पॅकेटचा सोर्सही बदलून राउटरचा आतला पत्ता करायचा, म्हणजे सर्व्हरला उत्तर राउटरकडेच द्यावं लागतं. पण मग सर्व्हरच्या लॉगमध्ये आतले सगळे लोक एकाच पत्त्याचे दिसतात आणि पुढे कोणी काय केलं हे शोधताना पंचाईत होते. दोन, आतल्या डीएनएसमध्ये त्या नावासाठी थेट १९२.१६८.१.५० द्यायचं. स्वतःचा डीएनएस सर्व्हर असेल तर मी हा दुसऱ्या क्रमांकाचाच उपाय करते.

लिनक्सवर काम करणार असाल तर क्रम पाठ नको, समजून घ्या. डेस्टिनेशन बदलतं ते प्रीराउटिंगमध्ये, मार्ग ठरण्याआधी. सोर्स बदलतो पोस्टराउटिंगमध्ये, अगदी बाहेर पडताना. मधल्या फॉरवर्ड साखळीला (आरपार जाणाऱ्या पॅकेटना परवानगी देणाऱ्या नियमांना) डेस्टिनेशन आधीच बदललेलं दिसतं. म्हणून तिथे पब्लिक पत्ता लिहून परवानगीचा नियम टाकला तर तो कधीच लागू होत नाही. नवशिक्यांची ही हमखास चूक. दुसरी गोष्ट, नॅटचे नियम कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटलाच तपासले जातात, पुढची पॅकेट कनेक्शन ट्रॅकिंगमधल्या एन्ट्रीवर चालतात. नियम बदलला तरी आधीपासून चालू असलेला पिंग जुन्याच वाटेने जात राहतो. नियम चुकला असं समजून तो पुन्हा बदलण्याआधी जुनी एन्ट्री काढून बघा.

एन्ट्रीला वय असतं, हे तर अभ्यासात जवळजवळ सगळेच सोडून देतात. यूडीपीची (कनेक्शन न जुळवता पाठवलेल्या पॅकेटची) एन्ट्री किमान २ मिनिटं टिकावी, असं आरएफसी ४७८७ सांगतो. टीसीपीच्या जुळलेल्या कनेक्शनसाठी आरएफसी ५३८२ मध्ये २ तास ४ मिनिटांची किमान मर्यादा आहे, कारण टीसीपी कीपअलाइव्हचा (कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणाऱ्या पॅकेटचा) नेहमीचा काळ २ तासांचा. लिनक्समध्ये ही मुदत मुळात ५ दिवस असते. प्रत्यक्षात अनेक उपकरणांवर ती बरीच कमी लावलेली असते. “अ‍ॅप्लिकेशन चालतं, पण जेवून आल्यावर पहिलं क्लिक अडकतं” अशी तक्रार आली की माझा पहिला संशय इथेच जातो. दोन्ही टोकांना वाटतं कनेक्शन जिवंत आहे, मधली एन्ट्री मात्र गेलेली असते. कीपअलाइव्हचा काळ त्या मुदतीच्या आत आणला की तक्रार थांबते.

मुलाखतीत दोन प्रश्न येतातच. नॅट म्हणजे फायरवॉल का? नाही. एन्ट्री नसलेलं पॅकेट आत पोचत नाही हे खरं, पण तो पत्ते बदलण्याचा परिणाम आहे, कोणाला आत येऊ द्यायचं हे ठरवणारा नियम नाही. तो वेगळा लिहावाच लागतो. दुसरा प्रश्न सिस्को कंपनीने पत्त्यांना दिलेल्या इनसाइड लोकल, इनसाइड ग्लोबल वगैरे चार नावांचा. पहिला शब्द सांगतो मशीन कुठे आहे, दुसरा सांगतो पत्ता कुठल्या बाजूने पाहिलेला आहे. पाठांतराची गरज उरत नाही.

सरावाला महागडं काही लागत नाही. एका लिनक्स मशीनवर तीन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगवेगळी आभासी नेटवर्क) करा: आतलं मशीन, राउटर, बाहेरचा सर्व्हर. राउटरच्या दोन्ही बाजूंना टीसीपीडम्प लावा आणि तेच पॅकेट दोन्हीकडे कसं दिसतं ते वहीत उतरवा. मग आतल्या बाजूला आणखी एक सर्व्हर जोडून हेअरपिनचा बिघाड मुद्दाम घडवा.

आणि घरी सराव करताना पोर्ट फॉरवर्डिंग बरोबर असूनही बाहेरून काहीच येत नसेल, तर आधी राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर वर सेवा देणाऱ्या कंपनीचं आणखी एक नॅट आहे. २०१२ मध्ये हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवला गेला. बाहेरून येणारं पॅकेट आधी त्या वरच्या यंत्राकडे पोचतं, आणि तिथे तुमच्यासाठी एन्ट्री नसते. अशा वेळी पब्लिक पत्ता मागून घ्या किंवा आयपीव्ही६ वापरा. तुमच्या राउटरवर कितीही नियम लिहिले तरी ती एन्ट्री तिथे होणार नाही.