जून संपायच्या आत : संगीताच्या पदवीचं वर्ष सुरू करताना

संगीत घेऊन पदवीला प्रवेश मिळाला की बहुतेक जणांचा पहिला प्रश्न असतो, यंदा राग किती आहेत? अभ्यासक्रमाचा कागद हातात येतो, त्यावर भूप, यमन, दुर्गा, बिहाग, भीमपलास, बागेश्री अशी रांग असते आणि सुट्टीतच यूट्यूबवरून बंदिशी उतरवून घ्यायची घाई सुरू होते. मी पुण्यात कंठसंगीत शिकते, आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दर जूनला नवी मुलं-मुली भेटतात आणि त्यांना मी एकच गोष्ट आग्रहानं सांगते: आत्ता राग वाढवू नका. राग कॉलेज देणारच आहे, आणि भराभर देणार आहे. ऑगस्टनंतर ज्याला सवड मिळत नाही ते आता जमवा. रियाजाची ठरलेली वेळ, सुरात लागलेला तंबोरा आणि विलंबित, म्हणजे अगदी संथ, लयीत न घाबरता बसता येणं, एवढं जमलं तर वर्ष निभतं.

वेळ जागेवर अवलंबून असते, म्हणून आधी जागा बघा. बाहेरगावहून येणाऱ्यांनी खोली घेताना भाडं, पाणी, मेस यांच्या आधी घरमालकांना विचारावं की सकाळी गायलेलं चालेल का. आधी विचारलं तर बरेच जण हो म्हणतात. न विचारता पहाटे सुरुवात केली की आठवड्याभरात शेजारच्यांची तक्रार येते आणि मग वर्षभर दबल्या आवाजात गावं लागतं. दबून गायची सवय घशात बसते, ती सुटायला फार वेळ लागतो. पहाटेचा खर्जाचा रियाज मात्र मुळातच खालच्या स्वरांतला असतो, तो शेजाऱ्यांना जाचत नाही. मोकळ्या आवाजाच्या रियाजासाठी कॉलेजच्या वर्गखोल्या सकाळी किती वाजता उघडतात आणि किल्ली कुणाकडे असते, हे पहिल्याच आठवड्यात शिपाईकाकांना विचारून ठेवा. तास सुरू व्हायच्या आधीचा तासभर रिकामी खोली मिळाली, तर त्यासारखं दुसरं काही नाही.

आता तंबोऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपलं वर्ष नेमकं पावसाळ्यात सुरू होतं आणि याच दिवसांत तंबोरा सर्वांत जास्त छळतो. लाकूड आणि भोपळा ओल धरतात, खुंट्या फुगून अडकतात किंवा भलत्या वेळी सरकतात, सकाळी लावलेला तंबोरा दुपारी उतरलेला असतो. सरकणाऱ्या खुंटीला थोडा खडू लावला की ती धरून राहते. तारांत ओवलेल्या मण्यांनी बारीक सूर जुळवता येतो, पण आधी खुंटीवर तार जवळपास सुरात आलेली हवी. मण्यांवरच सगळी भिस्त ठेवली की मणी घोडीपर्यंत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीपर्यंत, जाऊन टेकतात आणि पुढे हलायला जागाच उरत नाही. तंबोरा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात त्या भिंती आतून ओल्या असतात. गवसणी, म्हणजे तंबोऱ्याची खोळ, तीही अधूनमधून वाळवा.

तारा जुळल्या तरी आवाज बोलत नसेल, तर जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून निघणारा गुंजता नाद, गेलेली असते. तारा घासून घासून घोडीवर खाचा पडतात आणि नाद बसका होतो. तारेखालचा दोरा थोडा मागेपुढे सरकवून बघा, कधी कधी तेवढ्यानं काम होतं. नाही झालं तर जवारी काढून घ्यावी लागते आणि ते काम जाणत्या कारागिराचंच. घरी कानस घेऊन घोडी घासायला बसू नका. मी सांगली भागातली, त्यामुळे आमच्याकडे वाद्य मिरजेला नेणं हे ठरलेलंच. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. त्यासाठी लागणारे भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद झाला. नवा तंबोरा घ्यायची ऐपत पहिल्या वर्षी नसते आणि त्याची गरजही नसते. कॉलेजचे तंबोरे असतात. ते कुणी तरी नीट लावून ठेवायला हवे असतात, ते काम तुम्ही मागून घ्या.

मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप वाईट नाही, प्रवासात मीही वापरते. पण ते सुरातच सुरू होतं, आणि सूर जुळवताना कानाला जे शिकायला मिळतं ते त्यात मिळत नाही. पहिली तार पंचमाला, मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जाला आणि शेवटची पितळी तार खर्जाला, म्हणजे खालच्या षड्जाला. मालकंसात पंचम नाही म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवायची, मारवा-पूरियासाठी निषादावर. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. हातानं करायला लागलात की मध्यम पंचमापासून किती खाली आहे हे कानाला कळतं, आणि नीट लागलेल्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. तो गंधार ज्याला ऐकू आला त्याचा यमन लगेच सुधारतो, असं माझं ठाम मत आहे.

तबल्याच्या मुलांचे पावसाळ्यातले हाल वेगळे. पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ओल धरून सैल पडते, सूर उतरतो, मग बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून चढवावा लागतो. पाऊस उघडून कडक ऊन पडलं की तीच पुडी ताणून फाटते. म्हणून वाजवून झाल्यावर चढवलेला तबला तसाच ठेवू नका.

पहिल्या वर्षी सर्वांत जास्त धांदल उडते ती विलंबित ख्यालात. त्याआधी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत आलेल्या मुलांचा छोटा, म्हणजे जलद लयीतला, ख्याल बहुधा तयार असतो. विलंबित एकतालात 12 मात्रा. एक मात्रा चार सेकंदांची धरली तरी एक आवर्तन 48 सेकंदांचं होतं. एवढ्या अंतरात आपण कुठे आहोत हेच हरवतं. यावर माझा उपाय साधा आहे, जूनमध्ये रोज थोडा वेळ नुसता ठेका लावून बसा आणि गाऊ नका. हातावर ताल धरा. एकतालात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं, आणि नवख्यांची चूक हमखास तिथेच होते. पहिल्या ‘धागे तिरकिट’नंतर ‘तू ना’ येतं, दुसऱ्यानंतर ‘धी ना’ येतं आणि मग सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. हा फरक न मोजता ओळखू यायला लागला की मुखडा, म्हणजे बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ, कुठून उचलायचा हे शोधावं लागत नाही. त्यानंतर फक्त ‘आ’कारात, भूपाच्या चार स्वरांत आवर्तन भरून बघा. बंदिशीचे शब्द शेवटी.

वही करतानाची एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. ग्रंथालयात भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ असते, आणि घरच्या किंवा क्लासच्या वह्या बहुधा पलुस्कर पद्धतीनं लिहिलेल्या असतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा टिंब म्हणजे तार, म्हणजे वरचं, सप्तक. पलुस्कर पद्धतीत तोच टिंब मंद्र, म्हणजे खालचं, सप्तक दाखवतो आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ असते. कोमल स्वर एकात खाली आडवी रेघ देऊन लिहितात, दुसऱ्यात पाय मोडून. दोन्ही वाचता आल्या पाहिजेत, लिहायची मात्र कुठली तरी एक ठरवून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर तसं नोंदवून ठेवा.

शास्त्राच्या पेपरला पाठांतर करून गुण मिळतात, पण ते ज्ञान महिनाभरही टिकत नाही. शास्त्र गळ्यातून शिका. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. एकाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, दुसऱ्याचा धैवत. एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. हे वाक्य लिहून झाल्यावर तंबोरा घ्या आणि गंधारावर थांबत थांबत गा, मग तेच स्वर घेऊन धैवतावर थांबा. वादी म्हणजे काय हे व्याख्येशिवाय समजतं. पुढच्या वर्षांत मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांना एकाच स्वरसंचातून वेगळं काढायचं असतं. तिथे ही सवय उपयोगी पडते.

ऐकण्याचंही तसंच. रोज नवा राग ऐकण्यापेक्षा एकच राग दोन-तीन घराण्यांच्या गायकांकडून ऐका. शुद्ध कल्याण घ्या. आरोहात भूपाचेच स्वर, पण उतरताना निषाद आणि तीव्र मध्यम कोण मींडेत, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत, झाकून नेतं आणि कोण स्पष्ट दाखवतं, याकडे कान द्या. भीमसेनजींचा शुद्ध कल्याण ऐकल्यावर दुसऱ्या घराण्याचा ऐकलात की घराणं म्हणजे काय हे तुम्हांला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. पावसाळा आहे, मल्हाराचे प्रकार मनसोक्त ऐका. मियाँ मल्हार मात्र पहिल्या वर्षी गळ्यात घ्यायची घाई नको. त्याचा आंदोलित कोमल गंधार आणि शेजारी बसणारे दोन निषाद यांना पक्का कान लागतो.

कॉलेजबाहेर आधीपासून गुरूंकडे शिकत असाल, तर अभ्यासक्रमाचा कागद पहिल्याच आठवड्यात त्यांना दाखवा. त्यांच्याकडे वर्षभर एक राग चालू असतो आणि इकडे तीन आठवड्यांत राग बदलतो. दोन्हीकडे शिकवण्याची रीत वेगळी, कधी एकाच बंदिशीचा मुखडाही वेगळा. ताई किंवा सर, जे कुणी शिकवत असतील, त्यांच्याशी मोकळेपणी बोललात तर मार्ग निघतो. लपवलंत तर दोन्हीकडे अर्धवट राहता. माझ्या ताईंनी मला सांगितलं होतं की कॉलेजचे राग ओळखीसाठी गा, पण एक राग दोन्हीकडे सारखा ठेव आणि त्याच्यात वर्षभर राहा. माझा तो राग यमन होता. आजही कुठला अवघड राग घेतला की मी यमनच्या अंगानंच त्याच्याकडे जाते.

मग गणपती येतात. गाणारी मुलं म्हणून तुम्हांला मंडळांची, सोसायट्यांची बोलावणी येतील, भक्तिगीतं, अभंग, नाट्यपदं. थोडे पैसे मिळतात, रंगमंचाची भीती जाते, जरूर जा. फक्त ध्वनिक्षेपकावर आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसेल तर ओरडू नका, साउंडवाल्यांना सांगा. ओळीनं चार दिवस असं गायलं की घसा बसतो, आणि बसलेल्या घशानं रियाज केला तर तो आणखी बसतो. सर्दी-खोकल्यात गाणं बंद ठेवून लयीचं काम करा, ऐका, वही पूर्ण करा. दोन-तीन आठवडे आवाज घोगराच राहिला तर जेष्ठमध चघळत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. युवक महोत्सव आणि गांधर्वच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा याच महिन्यांच्या आगेमागे असतात. म्हणून कुठल्या कार्यक्रमाला नाही म्हणायचं हे घरच्यांशी आणि गुरूंशी बोलून आधीच ठरवा.

या सगळ्याच्या आधी आषाढात गुरुपौर्णिमा येते. पहिल्या वर्षाच्या मुलांना गायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात, भूप किंवा दुर्गासारखा सरळ राग घ्या आणि स्वर नीट लावा, ताना नसल्या तरी चालतात. त्याच दिवशी वरच्या वर्गातली मंडळी आणि शिक्षक गाणार असतात, आणि त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसायला कुणी तरी हवं असतं. तुमचं नाव आधी देऊन ठेवा. तिथे बसलं की गायकाचा श्वास कुठे तुटतो, सम यायच्या आधी तो तबलजीकडे कधी बघतो, हे हातभर अंतरावरून दिसतं. बोटं मात्र एकाच गतीनं चालू द्या. तबल्याच्या लयीबरोबर ती धावायला लागली की गाणाऱ्याला त्रास होतो.