रात्रीतून तीस टक्के बॅटरी कुठे जायची?

रात्री झोपताना ८० टक्के, सकाळी दूध तापवायला उठावं तर ४८. फोन रात्रभर टेबलावर पालथा पडलेला, कोणी हातही लावलेला नाही. धाकट्याने निकाल देऊन टाकला, "बाबा, बॅटरीच गेली, नवीन टाका." म्हटलं, आधी चोर तर बघू.

सेटिंग्जमध्ये बॅटरी, मग बॅटरी वापर. यादीत सगळ्यात वर स्क्रीनचं नाव असेल असं वाटलं होतं. निघालं दिवाळीच्या खरेदीला टाकलेलं एक कुपनांचं अ‍ॅप! नावावर टिचकी मारली: समोर उघडून वापर शून्य मिनिटं, बॅकग्राउंडला ६ तास ४० मिनिटं. मी घोरतोय आणि हे महाशय जागे.

तसं अँड्रॉइड ६ पासून डोझ नावाचं बॅटरी वाचवणारं फीचर आहे. फोन हलत नसेल, स्क्रीन बंद असेल, चार्जर लावलेला नसेल तर ते अ‍ॅप्सना झोपवतं. मधूनमधून थोडा वेळ कामं उरकू देतं. पण यातून सूट देता येते, आणि ती मीच दिली होती. पहिल्या दिवशी अ‍ॅपने विचारलं, मी न वाचता 'हो' दाबलं. वर लोकेशनही 'नेहमी'.

लोकेशन 'फक्त वापरताना' केलं, बॅटरीवर निर्बंध लावले. (काढूनच टाकणार होतो, पण बायकोची कुपनं त्यात अडकलेली.) मात्र सरसकट असं करू नका. उत्साहाच्या भरात मी निरोपांच्या अ‍ॅपलाही जखडलं, आणि बहिणीचा सकाळचा मेसेज मला दुपारी चारला, अ‍ॅप उघडल्यावर दिसला. तिची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तिसऱ्या सकाळी ८० चे ७५ होते.