भिंतीवरच्या चित्राला किती पैसे द्यायचे?

धुळ्यात आग्रा रोडजवळ माझं फ्रेमचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक चित्र काउंटरवर ठेवतं आणि पट्टी कुठली लावायची ते राहू देतं. आधी आमच्या अहिराणीत विचारतं, "भाऊ, हाई हातनं शे का मशीननं?" आणि लगेच, "मंग कितला देवाना?" हा आकडा मी कसा काढतो ते लिहितो.

सुरुवातीला चित्र कोणी केलं हे विचारूच नका. सहीचा कोपरा कागदाने झाका, पाच मिनिटं नीट बघा आणि मनात आलेला आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात टाका. नाव कळलं की नजर बदलते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सगळी चित्रं यंत्रानेच केलेली होती, फक्त काहींवर 'माणसाचं' आणि काहींवर 'एआयचं' असं लिहिलं होतं. लोकांना 'माणसाची' चित्रं जास्त मोलाची वाटली. २००४ च्या एका प्रयोगात तेच चित्र जास्त तास खपून केलंय एवढं सांगितल्यावर लोकांच्या लेखी त्याची किंमत वाढली होती.

हे मी दुकानातही करून पाहिलं. लळिंगच्या किल्ल्याची दोन चित्रं शेजारी लावली, एक जलरंगातलं, एक कॉम्प्युटरकडून करून घेतलेलं. नावं झाकलेली. बहुतेकांचं बोट कॉम्प्युटरच्या चित्राकडे गेलं, त्याचे रंग झगझगीत होते. कागद काढल्यावर तीच माणसं दुसऱ्याकडे वळली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जलरंगवाला पोरगा मे महिन्यात पहाटे साडेपाचला हायवेच्या कडेला जाऊन बसला होता, कारण ऊन चढलं की आकाशाचा दुसरा हात फिरवायच्या आत पहिला वाळतो. तरी एका जागी रंगाची कडक कड राहिलीच, ती त्या उन्हाची. हे ऐकून तुमचा आकडा वाढला तर वाढू द्या. कॉम्प्युटरने बुरुजावर राजस्थानी छत्री बसवली होती. ती पकडली एका आजोबांनी, लहानपणी त्या डोंगरावर गुरं चारलेल्या.

दुसरी चिठ्ठी असं सगळं कळल्यावर लिहायची, म्हणजे आकडा किती हलला ते दिसतं.

हाताचं की छापील हे ओळखायला मोबाइलचा टॉर्च चित्राच्या बाजूने, अगदी आडवा धरा. तैलरंगाचे किंवा ॲक्रेलिकचे उंचवटे सावली टाकतात. ते आकाराबरोबर वळतात का, हे बघा. मी यातच फसलो आहे. एका विक्रेत्याकडून बैलजोडीचा कॅनव्हास अस्सल म्हणून घेतला, निघाला प्रिंट. वरून ब्रशने पारदर्शक जेल फिरवलेलं. जेलचे फटकारे आडवे सरळ आणि बैलाची पाठ गोल! तेव्हापासून दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असतं. ऑफसेट छपाईत निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते, इंकजेटमध्ये बारीक फवारा. जलरंगात मात्र रंग कागदाच्या खळग्यांत बसलेला असतो आणि फिकट जागी कधी कधी खालची पेन्सिल दिसते. चित्र उलटूनही बघा. पाण्याने थोडा लहरलेला कागद मला फार आवडतो.

यंत्र वापरलं म्हणजे मोल गेलं, असं मात्र समजू नका. आपल्या चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) कॅमेऱ्याने काम करायचे. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी निसर्गदृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. कॅमेरा यंत्रच, पण त्या टेबलावरची प्रत्येक वस्तू कोणीतरी हाताने ठेवली होती. म्हणून करणाऱ्याला विचारा: हे इथेच का? काय काढून टाकलं? कुठे बिघडलं? मग त्याने कॉम्प्युटर वापरलेला असो, उत्तरं असतील तर त्या विचाराचे पैसे द्या. "असंच आलं" म्हणाला तर छपाईचे पैसे पुरे.

आता आकडा. माझे वडील पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि गिऱ्हाईक त्यांच्या अक्षराचा भाव फ्लेक्सशी लावायला लागलं. ते मी जवळून पाहिलंय. म्हणून माझा हिशेब असा: कागद-रंगाचा खर्च, आणि जितके दिवस लागले तितके गवंड्याचे रोज. आपल्या गावात गवंडी आज काय घेतो ते विचारा. चित्रकाराला त्याहून कमी सांगायला माझी जीभ वळत नाही. चित्र मनात घर करून बसलं असेल तर त्याच्या वर जा.

२०१८ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात यंत्राने केलेलं एक चित्र ४,३२,५०० डॉलरला गेलं होतं, अंदाज ७ ते १० हजारांचा असताना. ती किंमत नवलाईची. तो भाव कोणी आपल्या बैठकीतल्या चित्राला सांगू लागलं तर ऐकू नका.

घेतल्यावर हाताचं चित्र फेव्हिकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवू देऊ नका, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट, लावा म्हणजे काच कागदाला टेकत नाही, आणि उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. फ्रेम बंद करायच्या आधी मी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहितो: कोणी, कुठे, कधी, कशाने. लळिंगच्या त्या चित्रामागे 'पहाटे साडेपाच' असंही लिहिलंय.