प्रायोगिक चित्रपट आणि लाइव्ह व्हिज्युअल्स: एकाच साठ्यावर दोन कामे

प्रायोगिक चित्रपट करणाऱ्याला पोटापाण्याचा प्रश्न पहिल्याच वर्षी गाठतो, कारण सात-आठ मिनिटांच्या, कथा नसलेल्या चित्रपटाला तिकीटखिडकी नसते. मैफिलीत, नाटकात किंवा नृत्याच्या कार्यक्रमात संगीताबरोबर पडद्यावर प्रतिमा चालवण्याच्या कामाला, म्हणजेच लाइव्ह व्हिज्युअल्सना, मात्र मानधन मिळते. बहुतेक जण या दोन कामांसाठी दोन वेगळे संसार मांडतात आणि दोन्हीकडे दमतात. माझा सल्ला असा, की प्रतिमांचा साठा एकच ठेवावा, तो शक्यतो स्वतः चित्रित केलेला असावा आणि दोन्ही कामे त्यातूनच काढावीत.

आपल्याकडे याला जुना आधार आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतली चित्रे एकामागून एक समोर धरून गात-सांगत कथा उभी करत. कल्याणच्या पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हाताने रंगवलेल्या काचांचे खेळ केले. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कॅमेरा एका जागी ठेवून रोपाच्या वाढीचे थोडेथोडे चित्रण केले आणि ‘अंकुराची वाढ’ ही छोटी चित्रफीत दाखवून पुढच्या चित्रपटासाठी कर्ज उभे केले. आजच्या भाषेत तो त्यांचा नमुना होता, आणि तुमची सुरुवातही अशाच एखाद्या चिकाटीच्या सरावाने व्हावी असे मला वाटते.

एक विषय घ्यावा आणि वर्षभर तोच चित्रित करावा: मिठागर, लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंती, उसाच्या गुऱ्हाळातली वाफ, काहीही. प्रत्येक तुकडा 8 ते 20 सेकंदांचा असावा आणि त्यात एकच हालचाल असावी. फिल्मवर काम करण्याची हौस असेल, तर हिशेब आधी मांडावा: 16 मिमी रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात 40 चौकटी (फ्रेम) असतात, म्हणजे 100 फुटांच्या रिळात 4000 चौकटी येतात आणि सेकंदाला 24 या वेगाने ते पावणेतीन मिनिटांत संपते. काळ्या फिल्मवर सुईने तीन फूट ओरखडे काढले, तर पाच सेकंदांची हालचाल मिळते. हे काम संथ असले, तरी असा तुकडा दुसऱ्या कोणाकडे नसतो.

साठ्याची खरी परीक्षा अंधारात होते. गायक अचानक लय बदलतो तेव्हा तुम्ही ‘वसई’सारखे जागेचे नाव शोधत नसता. तुम्हाला काहीतरी संथ, काळपट, डावीकडे सरकणारे हवे असते. म्हणून फाइलीच्या नावात तारीख व जागेबरोबर हालचालीची दिशा, वेग आणि रंगही लिहावा. माझ्याकडे ‘मिठागर-डावीकडे-संथ-करडा’ अशी नावे आहेत. चित्रपटाच्या संकलनात हीच नावे पुन्हा उपयोगी पडतात.

इंटरनेटवर चालणाऱ्या एच-264 या व्हिडिओ-प्रकारात बहुतेक चौकटी आधीच्या-नंतरच्या चौकटींच्या आधारे साठवलेल्या असतात, त्यामुळे तुकडा उलटा चालवला किंवा मध्येच उडी मारली की तो अडखळतो. सादरीकरणाआधी सगळे तुकडे प्रत्येक चौकट स्वतंत्र साठवणाऱ्या हॅप किंवा डीएक्सव्ही या प्रकारात बदलून घ्यावेत. फाइली कित्येक पट मोठ्या होतात, म्हणून चांगली एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्यावी लागते. तुकडे चालवण्यासाठी रेझोल्यूम हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. प्रतिमा जागच्या जागी घडवायच्या असतील, तर टचडिझायनर हे सॉफ्टवेअर शिकावे. त्याची बिगरव्यावसायिक आवृत्ती विनामूल्य मिळते, पण ती 1280 गुणिले 1280 पिक्सेलपर्यंतच चित्र देते आणि मानधनाच्या कामाला ती चालत नाही.

लयीचा हिशेब साधा आहे. मिनिटाला 120 ठोके असतील, तर आठ सेकंदांच्या तुकड्यात बरोबर 16 ठोके बसतात आणि तो तुकडा सांधा न दिसता फिरत राहतो. मात्र विलंबित एकतालाचे एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते. तिथे प्रत्येक मात्रेला चित्र बदलणे हा उर्मटपणा वाटतो. अशा वेळी एकच प्रतिमा धरून ठेवावी आणि समेच्या आसपास तिच्यात प्रकाश हळूच वाढवावा. तबलजीबरोबर एक तालीम केली, तर हे सांगावेही लागत नाही.

जागा आधी पाहून येण्याचा धडा मी लाज वाटेल अशा रीतीने शिकलो. एका सभागृहाने मला ‘एलईडी वॉल आहे’ एवढेच कळवले आणि मी 1920 गुणिले 1080 मापाचे सगळे साहित्य घेऊन गेलो. भिंत पी-3.91 प्रकारची, म्हणजे दोन पिक्सेलमध्ये 3.91 मिमी अंतर असलेली, होती. तिच्या अर्ध्या मीटरच्या प्रत्येक चौकोनी पेटीत आडवे-उभे 128 पिक्सेल असतात. आठ पेट्या आडव्या आणि चार उभ्या, म्हणजे चार मीटर रुंद भिंतीवर माझ्या हाती होते फक्त 1024 गुणिले 512. सुईने काढलेले बारीक ओरखडे गायब झाले आणि रहाटाचे गोल चाक अंड्यासारखे आडवे झाले. तेव्हापासून पेट्यांची संख्या आणि पिक्सेलचे माप विचारल्याशिवाय मी होकार देत नाही. प्रोजेक्टर असेल, तर त्याचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी, विचारावा: तो 1.5 असेल, तर चार मीटर रुंद चित्रासाठी सहा मीटर अंतर लागते, आणि तेवढ्या अंतरात नेमका खांब येतो. लांब एचडीएमआय केबलवर विसंबू नये. मंचापासून दूर बसायचे असेल, तर लांब अंतरावर चित्र नेणारी एसडीआय केबल मागावी. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करणारे चित्र अपस्माराच्या रुग्णाला घातक ठरू शकते, म्हणून ते टाळावे.

दहा-बारा सादरीकरणांनंतर कोणती प्रतिमा दरवेळी टिकते आणि कोणती फक्त आवाजाच्या आधाराने उभी राहते, हे कळू लागते. चित्रपट तेव्हा संकलित करावा, आणि पहिला खर्डा ध्वनीशिवाय पाहावा. पाठवण्यासाठी जर्मनीतल्या ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव, नेदरलँड्समधला रॉटरडॅमचा महोत्सव, मुंबईचा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव ‘मिफ’ आणि 2003 साली मुंबईत सुरू होऊन पुढे बंगळुरूत स्थिरावलेला प्रायोगिक चित्रपटांचा महोत्सव ‘एक्सपेरिमेंटा’ यांच्यापासून सुरुवात करावी. काही महोत्सवांना पहिल्या प्रदर्शनाचा मान हवा असतो, म्हणून नियम वाचण्याआधी चित्रपट इंटरनेटवर टाकू नये. पॅरिसची ‘लाइट कोन’ आणि लंडनची ‘लक्स’ या संस्था असे चित्रपट प्रदर्शनासाठी भाड्याने देतात.

पैशांचे थोडक्यात सांगतो. निम्मे मानधन आगाऊ घ्यावे, भिंतीचे भाडे आयोजकाच्या माथी लिहून घ्यावे आणि मानधनातून कापलेला टीडीएस तुमच्या प्राप्तिकराच्या खात्यात दिसतो का, ते तपासावे. सादरीकरणातला संगीतकाराचा ध्वनी चित्रपटात वापरायचा असेल, तर त्याची संमती लेखी हवी. मैत्रीत हे मागायला जड जाते, पण महोत्सवाच्या अर्जात तो रकाना असतोच. जुन्या चित्रपटाचे तुकडे घ्यायचे, तर भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे राहतो, आणि त्यातल्या गाण्यांच्या शब्दांचे व चालींचे हक्क त्यानंतरही शिल्लक असू शकतात.

कार्यक्रमाच्या रात्रीच, घरी पोहोचल्यावर, कोणते तुकडे कोणत्या क्रमाने चालले ते वहीत लिहून ठेवावे, आणि पडद्यासह वादकही दिसतील असे चित्रण मित्राकडून करून घेतलेले असेल, तर त्याची प्रत मूळ साठ्याबरोबर दोन वेगळ्या डिस्कवर काढून एक डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवावी.