ग्वाल्हेरहून हिमालयात: गाइडसोबतचा ग्रुप ट्रेक कसा आखावा

गाइड घेऊन ट्रेकला जायचं म्हणजे पैसे भरायचे आणि त्याच्या मागे चालत सुटायचं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. गाइड वाट दाखवतो, तंबू लावून घेतो, ढग बघून पुढे जायचं की थांबायचं ते सांगतो. पण कुणाला न्यायचं, किती उंचीवर न्यायचं आणि किती दिवसांत, हे सगळं तुम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नाहीतर मुरारला चहा पीत आधीच ठरवून टाकलेलं असतं. ट्रेक फसतो तो बहुतेक वेळा तिथेच. म्हणून या लेखात डोंगराआधीच्या कामांवरच जास्त भर आहे.

आधी माणसं, मग डोंगर

आपल्याकडे उलटं होतं. कुणीतरी मोबाइलवर बर्फातल्या शिखराचा फोटो दाखवतो, सगळे "वा, वा" करतात आणि शिखर ठरतं. मग त्यात माणसं बसवायची धडपड. त्यापेक्षा कागदावर नावं लिहा, पुढे वय लिहा आणि रोज किती चालणं होतं ते लिहा. आठ ते बारा माणसं असली की बरं. त्याहून जास्त झाली की जेवणापासून जीपपर्यंत सगळं दुप्पट लागतं आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहत नाही.

आजारपणाची चौकशी ग्रुपवर करू नका. तिथे सगळे ठणठणीत असतात. एकेकाला वेगळा फोन करा.

"काकू, काही औषधं चालू आहेत का?"

"छे रे, ती बीपीची एक गोळी तेवढी. ती काय, सगळेच घेतात."

ती "तेवढी" गोळी गाइडच्या फॉर्मवर लिहिलेली असायला हवी. दमा, मधुमेह, हृदयाचा त्रास, पूर्वी झालेलं गुडघ्याचं ऑपरेशन, कसली अ‍ॅलर्जी हेही लिहा. यातलं काही असेल त्याने आपल्या डॉक्टरांना ट्रेकची उंची सांगून स्पष्ट विचारावं. बऱ्याच ट्रेक कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतातच. मागत नसतील तरी तुम्ही मागा.

ही यादी हातात आली की त्यातला सगळ्यात हळू चालणारा कोण ते शोधा आणि डोंगर त्याच्या बेताने निवडा. पहिल्यांदा जाणाऱ्या मिश्र वयाच्या गटासाठी मी उत्तराखंडातल्या हर की दूनचं नाव घेईन. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरी गावातून तिकडे जातात. सुपिन नदीच्या काठाने वाट हळूहळू वर चढते, मध्ये ओसलासारखी लाकडी घरांची गावं लागतात आणि शेवटी ३,५६६ मीटरवरच्या दरीतून स्वर्गारोहिणीची शिखरं दिसतात. पांडव स्वर्गाकडे निघाले ते याच वाटेने, असं तिथले लोक सांगतात. केदारकांठा शिखराचा ट्रेकही सांकरीहूनच जातो, पण तो ३,८०० मीटरचा आणि शिखराच्या दिवशी अंधारात उठून चढायचं, हिवाळ्यात तर बर्फात. गटात पन्नाशीपुढचं कुणी पहिल्यांदा येत असेल तर तो पुढच्या खेपेला ठेवा.

केव्हा जायचं

शाळांच्या सुट्ट्या म्हणून आपण मे पकडतो. हवामान तेव्हाही चांगलं असतं, नाही असं नाही. पण एप्रिल-मेमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५पर्यंत चढतो. त्या उन्हात चढाचा सराव कोण करणार? सराव नाही आणि घामेजल्या ४५ अंशांतून थेट रात्रीच्या थंडीत, हे शरीराला जड जातं. त्यामुळे माझं मत ऑक्टोबरचं. पाऊस ओसरलेला असतो, आकाश स्वच्छ असतं, ऑगस्ट-सप्टेंबर तयारीला मिळतात आणि दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या जोडता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळून रस्ते बंद होतात, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

कंपनीला फोनवर काय विचारायचं

"पर पर्सन कितना पड़ेगा?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. आधी पुढचं विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

रोजच्या मुक्कामाची उंची किती? हा माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा वैद्यकीय संकेत आहे. दिवसा वर चढून खाली येऊन झोपलात तर चालतं. आता कंपनीचा कार्यक्रम घेऊन बसा आणि दर रात्रीची उंची शेजारी लिहा. एक दिवस वाचवून पैसे कमी केलेला कार्यक्रम तिथेच उघडा पडतो. उंची विचारल्यावर समोरचा "सर, टेन्शन मत लो" म्हणाला, तर दुसरीकडे फोन लावा.

पुढचा प्रश्न: गाइड कोण? कंपनीचं नाव ऐकून भुलू नका. तुमच्याबरोबर चालणारा माणूस कोण ते कळायला हवं. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली सुरू झाली. तिथले बेसिक, अ‍ॅडव्हान्स कोर्स केलेले गाइड त्या भागात मिळतात. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का, हेही विचारा. त्याच खोऱ्यातल्या गावचा गाइड असला तर सोन्याहून पिवळं, कारण अडचणीत घोडा, खाट, चार माणसं कुठून मिळतील ते त्यालाच ठाऊक असतं. दर दहा जणांना पुढे एक आणि सगळ्यांच्या शेवटी एक असे दोन जाणते तरी हवेतच.

मग बाकीचं: ऑक्सिजन सिलिंडर आणि स्ट्रेचर बरोबर असतो का? कुणाला खाली न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण जाईल आणि खर्च कुणाचा? जंगलखात्याचं शुल्क धरलंय का? हर की दूनची वाट गोविंद राष्ट्रीय उद्यानातून जाते, तिथे परवाना लागतो. चालायला नेमकी कुठून सुरुवात? जीपचा रस्ता पुढे सरकत चाललाय, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. हवामानामुळे परतावं लागलं तर पैशांचं काय? पोर्टर आणि खच्चरवाल्यांचा विमा आहे का? हे शेवटचं विचारायला लोक लाजतात. विचारा. जी कंपनी आपल्या हमालाला उबदार कपडे देत नाही, ती तुमच्या स्लीपिंग बॅगवर किती खर्च करत असेल, याचा अंदाज येतो.

विम्याची एक गोष्ट इथेच उरकू. घरी असलेल्या मेडिक्लेममध्ये ट्रेकिंग, त्यातली उंची आणि डोंगरातून खाली आणण्याचा खर्च धरलेला असतो का, ते पॉलिसी उघडून बघा. नसेल तर वेगळा काढा.

तिकिटं आणि पैसे

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तारखा त्याच्या आधी पक्क्या हव्यात. पुरीहून येणारी कलिंग उत्कल एक्स्प्रेस ग्वाल्हेरहून थेट हरिद्वारला नेते. गाडी बदलायची कटकट नाही, तिथून पुढे डेहराडून तेवढं गाठायचं. मात्र ती फार लांबून येते, उशीर धरूनच चाला. दुसरा मार्ग दिल्लीवरून: सकाळच्या गाडीने दिल्ली, आणि आनंद विहारहून संध्याकाळच्या वंदे भारतने डेहराडून. सामान, मुलं आणि ज्येष्ठ असतील तर पहिला बरा, वेळ कमी असेल तर दुसरा.

डेहराडून ते सांकरी जवळजवळ दोनशे किलोमीटर आहे आणि डोंगरी रस्त्याला आठ-दहा तास लागतात. जीप पहाटेच निघते. म्हणून आदल्या रात्री डेहराडूनला मुक्काम हवाच. स्टेशनवरून उतरून थेट जीपमध्ये बसायचा बेत आखू नका.

पैशाचा हिशेब एकाच माणसाकडे द्या, आणि तो माणूस गटप्रमुखाहून वेगळा असू द्या. रेल्वे, जीप, मुक्काम, ट्रेकची फी, भाड्याचं सामान, बक्षिशी आणि एक राखीव दिवस एवढी खाती मांडा. अर्धे पैसे आधी हातात आल्याशिवाय कुणाचंही नाव पक्कं धरू नका. पाहुण्यारावळ्यांत हे अवघड वाटतं. पण आयत्या वेळी दोघं गळाले की जीपचं भाडं उरलेल्यांच्या डोक्यावर बसतं.

सरावाला किल्ला आहे ना!

ग्वाल्हेरला डोंगर नाही म्हणून रडू नका. किल्ल्याची टेकडी शहरापासून सुमारे १०० मीटर उंच आहे. गूजरी महालाकडच्या ग्वाल्हेर दरवाजातून हाथी पोलपर्यंतची वाट चालणाऱ्यांचीच आहे आणि चांगली खडी आहे. गाड्यांच्या उरवाई घाटीपेक्षा हीच घ्या. ट्रेकच्या एखाद्या दिवशी ५००-६०० मीटर चढ असेल तर तो एका सकाळी पाच-सहा किल्ले चढण्याइतका झाला. लगेच पाच करायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात एकदा, मग दोनदा, मग पाठीवर पिशवी घेऊन. पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरा. दमलात तर पाणी ओतून ओझं हलकं करता येतं.

उतरताना लक्ष द्या. गुडघे कुरकुरतात ते उतरताना, आणि फरसबंदी वाटेवर बुटात अंगठा पुढे आदळत असेल तर बूट अर्धा नंबर छोटा आहे हे तिथेच कळतं. नवे बूट घालून थेट ट्रेकला जाणाऱ्याच्या टाचेला दुसऱ्या दिवशी फोड येणार, हे ठरलेलं. महिनाभर आधी घ्या आणि बाजारहाटीलाही तेच घाला.

निदान दोन रविवार सगळा गट एकत्र चढवा. कोण पुढे पळतो, कोण मागे राहतो पण बोलत नाही, कोण चिडतो, हे तिथे दिसतं. पळणाऱ्याला मागच्याची सोबत करायचं काम त्याच दिवशी देऊन टाका.

पाठपिशवी

आपलं सामान आपणच वाहायचं असेल तर ५० ते ६० लिटरची सॅक पुरते. भरल्यावर वजन आठ-दहा किलोंच्या आत ठेवा. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग सॅक घेऊन, फरक काढा. पहिल्यांदा तो तेरा-चौदा येतो आणि मग जीन्स, दुसरा टॉवेल, "असू दे" म्हणून घेतलेली शाल बाहेर निघते.

आत आधी एक मोठी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळं. सॅकचं कव्हर पावसात पूर्ण भरवशाचं नसतं. स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू मध्यभागी पाठीला चिकटून, पाँचो, म्हणजे पावसाचा झगा, सगळ्यात वर. सुती कपडे घामाने ओले झाले की वाळत नाहीत आणि अंग गार पडतं, म्हणून चालण्यासाठी सिंथेटिक आणि झोपण्यासाठी एक कोरडा जोड वेगळा, जो दिवसा कधीही घालायचा नाही. हेडलँप, दोन बाटल्या, लोकरी मोजे, कानटोपी, गॉगल, ओआरएस, स्वतःची औषधं. थंडीत बॅटरी लवकर उतरते. पॉवर बँक आणि फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. कुणाच्या परदेशातल्या मुलाने सॅटेलाइट फोन पाठवला असेल तर तो घरीच ठेवा, सरकारी परवानगीशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे.

खाऊचं मात्र आपल्याला शिकवायला नको. थंडीची चाहूल लागल्यावर जात असाल तर मुरैन्याची गजक घ्या: तीळ-गूळ, हलकी, खिशात मावणारी. चुरा होते, म्हणून डब्यात ठेवा. मेतकुटाची एक पुडी जवळ असू द्या. कॅम्पवरच्या गरम भातावर ते पडलं की ज्येष्ठांचं जेवण सुधारतं. उंचीवर भूक मरते, तेव्हा घशाखाली उतरेल असं काही जवळ असलेलं बरं. उपवास, कांदा-लसूण यांची यादी स्वयंपाक्याला डेहराडूनहूनच कळवा.

वर गेल्यावर

निघण्याआधी सगळ्यांसमोर एक नियम सांगा: परत फिरायचं म्हणून गाइड म्हणाला की वाद नाही. दुसरा: डोकं दुखलं तर लपवायचं नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, चक्कर ही विरळ हवेची पहिली लक्षणं. तसं झालं तर वर जायचं नाही; तिथेच थांबायचं. बरं वाटलं तर पुढे, वाढलं तर खाली. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, बरळणं किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालता न येणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी खाली उतरवा, आणि बरोबर माणूस द्या. डायमॉक्स ही विरळ हवेच्या त्रासावरची गोळी काही जण आधीपासून घेतात. ती डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसं आधी सांगून. सांकरीच्या पुढे फोनवर भिस्त ठेवू नका.

शौचाचा तंबू नसेल तर पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून नंतर माती ओढायची. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू पुरायचे नाहीत. जाड पिशवीत बांधून खाली आणायचे. हे बायकांना वेगळं आणि पुरुषांनाही स्पष्ट सांगा, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

बक्षिशीचं पाकीट शेवटच्या कॅम्पवर सगळ्यांसमोर द्या, स्वयंपाकी आणि खच्चरवाल्यालाही त्यांच्या हातात. परतीचं रेल्वे तिकीट सांकरीहून उतरायच्या दिवसाचं काढू नका. मध्ये एक दिवस सोडा. दरड पडली तर तो रस्त्यात जाईल, नाही पडली तर डेहराडूनला ओले कपडे वाळतील, भाड्याचं सामान परत करता येईल आणि खजिनदाराला गाडीत बसायच्या आत हिशेब पूर्ण करता येईल.