कॉलेजातली मतदार नोंदणी: शपथा पुरे, आधी पत्ता ठरवा

दर 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन येतो. शपथ होते, पथनाट्य होतं, बोटाला शाई लावल्याचा अभिनय करत सेल्फी निघतात आणि मतदार यादीत एकही नाव वाढत नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल तेवढा वर जातो. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कामात हे बघून बघून माझं एक मत पक्कं झालंय: पोरांना मताचं महत्त्व चांगलं कळतं. अडचण अशी की त्यांचं नाव यादीत नसतं, नाहीतर ते रात्रभराच्या एसटी प्रवासाच्या अंतरावर असतं. तुमच्या कॉलेजात हे काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर रॅलीचं बॅनर छापायला टाकण्याआधी एवढं वाचा.

मुहूर्त

शिबिर जानेवारीत घेऊ नका, जून-जुलैत घ्या, तेही प्रवेशाच्या खिडकीशेजारी टेबल टाकून. त्या दिवशी पोराच्या फाइलमध्ये आधार, दहावीची गुणपत्रिका आणि फोटो, सगळं असतं. नंतर तीच कागदपत्रं मागा, ‘सर, गावी राहिलीत’ हे उत्तर ठरलेलं. वय 18 व्हायची वाटही बघू नका. 17 पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या पात्रता तारखा आहेत. यांपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण झालेली असतील, त्या तारखेने नाव धरलं जातं.

निवडणूक जाहीर झाली की फॉर्म भरू, असं म्हणणाऱ्यांना जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीचं उदाहरण द्या. त्या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी वापरली गेली. ऑगस्टमध्ये 18 पूर्ण झालेल्यांनी हात चोळत बसायचं.

पत्ता: सगळी शिबिरं इथेच बुडतात

स्थानिक मुलांचं सोपं आहे. घरचा पत्ता, आई किंवा वडिलांच्या ओळखपत्राचा क्रमांक, संपलं. खरा गुंता बाहेरगावच्यांचा. उदगीरचा मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे कुणाच्या घरात एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, राहतो. त्याचं नाव कुठे घालायचं? हा प्रश्न मला बरीच वर्षं पुरून उरला, कारण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. एक म्हणे आधारवरचा पत्ताच लागतो, दुसरा म्हणे हॉस्टेलवाल्यांना मत नसतंच. दोन्ही थापा.

नियम असा आहे: मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला असलेल्या विद्यार्थ्याला निवड करता येते. आईवडिलांच्या पत्त्यावर नोंदवा किंवा शिकायला जिथे राहतो तिथे. शिकण्याच्या ठिकाणी नोंदवायचं असेल तर अर्ज क्र. 6 सोबत प्राचार्य, अधिष्ठाता किंवा कुलसचिवांच्या सहीचं बोनाफाइड (इथे शिकतो असा दाखला) जोडायचं. त्याचा ठरलेला नमुना आहे. ऑफिसात फीसवलतीसाठी मिळतं ते बोनाफाइड लावून मोकळे होऊ नका. नमुन्याच्या झेरॉक्स काढा आणि प्राचार्यांकडून गठ्ठ्याने सह्या घ्या. एकेका पोराला सहीसाठी केबिनबाहेर उभं केलंत की निम्मी गळतात.

निवड करताना पोराला एकच प्रश्न विचारा: ‘मतदानाच्या दिवशी तू नक्की कुठे असशील?’ ‘गावावर प्रेम आहे का’ हा प्रश्न नाही. घरून हमखास फोन येतो, ‘नाव गावातच राहू दे, ग्रामपंचायतीला लागतं.’ वडिलांचं म्हणणं चुकीचं नाही. सरपंचपद दोन-चार मतांनी जातं. पण पोरगा ऐन परीक्षेत एसटीने जाऊन येणार आहे का, हे त्याने छातीवर हात ठेवून सांगावं. माझं मत स्पष्ट आहे. एका रात्रीत गाव गाठता येत असेल आणि सणावाराला जाणं असेल, तर गाव. चार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि गाव लांब, तर कॉलेजचं शहर. विद्यार्थ्यांसाठी टपाली मतदानाची सोय नाही, तेव्हा ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ याचा अर्थ ‘मत देणार नाही’ एवढाच.

आणि एक सल्ला तर कानाखाली वाजवावा असा आहे: ‘दोन्हीकडे नाव असू दे, काय बिघडतं?’ बिघडतं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन मतदारसंघांत नाव चालत नाही आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्ज 6 हा पहिल्यांदाच नाव घालणाऱ्यांचा. गावात आधीच नाव असेल तर अर्ज 8 भरून ते हलवायचं. टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकाने पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठे नाव आहे का?

अर्ज भरून काम संपत नाही. पुढे बीएलओ, म्हणजे त्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे बूथ लेव्हल ऑफिसर, पडताळणीला येतात. त्या बहुधा अंगणवाडीताई असतात किंवा शाळेतले गुरुजी, आपलं काम सांभाळून रविवारी दुपारी येतात. हॉस्टेलच्या गेटवर वॉचमन सांगतो, ‘असं कोणी नाही इथं.’ पोरगा आत झोपलेला असतो. अर्ज बाद. त्यामुळे नाव, खोली क्रमांक, मोबाइल आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक अशी यादी करून एक प्रत बीएलओताईंना, एक रेक्टरना आणि एक थेट वॉचमनकाकांच्या टेबलावर चिकटवून द्या. ताईंना फोन करून वेळ ठरवा, सगळ्या पोरांना खाली मेसमध्ये बसवा. त्यांची पायपीट वाचते, तुमचे अर्ज वाचतात. कॉट बेसिसवाल्यांचे घरमालक ‘आमच्या पत्त्यावर कशाला?’ म्हणून हात झटकतात. त्यांच्याशी पोराने एकट्याने बोलू नये, तुम्ही बोला.

अर्ज

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा ईसीआयनेट ॲपवर (पूर्वीचं व्होटर हेल्पलाइन) भरता येतो, मोबाइलवर होतो. नावं मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. इंग्रजीत टाइप केलं की मराठी नाव आपोआप उमटतं आणि शेळकेचा ‘शेलके’ होतो, कांबळेचा ‘कांबले’. तिथेच दुरुस्त करा. अडलं तर 1950 या मतदार हेल्पलाइनवर फोन.

कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला टेबलाजवळ फिरकू देऊ नका, पाण्याच्या बाटल्या ‘सौजन्याने’ देतो म्हणाला तरी.

मतदानाच्या आधीचा आठवडा

यादीत नाव आणि केंद्र पुन्हा शोधायला लावा. कॉलेजचं ओळखपत्र केंद्रावर चालत नाही. मतदार ओळखपत्र, आधार, पॅन किंवा लायसन्स हातात हवं. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून त्यातला आधारचा फोटो कुचकामी. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. मालमत्ता आणि गुन्ह्यांचे रकाने पोरांना स्वतः वाचू द्या, तुम्ही भाष्य करू नका.

दोन निवडणुकांमधली वर्षं

व्याख्यानमाला नको. हॉस्टेलसमोरचा बंद पथदिवा, न थांबणारी बस, असा एकच विषय घ्या आणि पोरांकडूनच 10 रुपये शुल्काचा माहिती अधिकाराचा अर्ज करवा. गावी नाव असलेल्यांना सुट्टीत ग्रामसभेला पाठवा.

शेवटच्या वर्षाच्या निरोप समारंभात फेट्यांसोबत अर्ज 8 ची लिंकही द्या. नोकरीच्या गावी बस्तान बसलं की नाव तिकडे हलवायचं आहे. ते केलं नाही, तर हॉस्टेलच्या पत्त्यावर जुनी नावं साचतात आणि पुढच्या वर्षी बीएलओताई त्यांच्या चौकशीला तुमच्याकडेच येतात.